वाऱ्याचा गोंधळ

'गोंधळ' हा आपल्या भाषेतला मोठा मजेदार शब्द आहे. लग्नकार्य आटोपल्यावर घरी गोंधळ घालतात, तेव्हा त्यात संबळ असते, तुणतुणे असते, दिवटी असते. कोणत्या देवतेला आधी आवाहन करायचे, आख्यान कुठे लावायचे, याचा क्रम ठरलेला असतो. आणि तास रिकामा असताना वर्गात जो आरडाओरडा चालतो, ज्यात कसलाच क्रम नसतो, त्यालाही आपण गोंधळच म्हणतो. दुरून ऐकणाऱ्याला दोन्ही सारखेच वाटण्याचा संभव आहे. जवळ जाऊन, नीट कान देऊन ऐकले म्हणजे मात्र कळते, की एका गोंधळात बांधणी आहे आणि दुसऱ्यात ती नाही.

प्रस्तुत लेखाचा विषय आहे वाऱ्याचा गोंधळ. शास्त्रज्ञ त्याला टर्ब्युलन्स म्हणतात. मराठीत 'संक्षोभ' असा शब्द आहे. वारा एका चालीने कधीच वाहत नाही. तो थबकतो, उसळतो, वळतो, अंगावर येतो आणि क्षणात निघून जातो. हा गोंधळ पहिल्या प्रकारचा की दुसऱ्या? त्यात काही बांधणी आहे, की सारे यदृच्छेने चालले आहे? आणि बांधणी असेल, तर ती ओळखायची कशी? वारा तर डोळ्यांना दिसत नाही. गेल्या साठ-सत्तर वर्षांत या प्रश्नाचा मागोवा जगभर घेतला गेला, आणि त्यातले एक महत्त्वाचे काम आपल्या देशात, जोधपूरच्या तापलेल्या जमिनीवर झाले. मी भूगोलाचा विद्यार्थी. गणिताशी माझी ओळख बेताचीच. म्हणून या लेखात एकही समीकरण येणार नाही. कला शाखेच्या वाचकाने दचकून पान उलटण्याचे कारण नाही.

प्रथम एक गोष्ट मान्य करू, की वाऱ्यातली बांधणी ओळखण्याची विद्या आपल्या वऱ्हाडात नवी नाही. यंत्रे येण्यापूर्वी खळ्यावर उफणणी कशी होत असे, ते घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारावे. उंच तिवईवर उभा राहिलेला माणूस हातात धान्याने भरलेले टोपले घेऊन वाट पाहतो. वारा चालूच असतो, पण तो टोपले रिते करीत नाही. हवी तशी झुळूक आली, की तो टोपले हलवू लागतो. दाणे पायाशी पडतात आणि कुटार लांब उडते. झुळूक ओसरली, की त्याचा हात थांबतो. याचा अर्थ काय? दिवसभराच्या वाऱ्याची सरासरी किती, हा त्याचा प्रश्नच नाही. त्याला एक विशिष्ट घटना हवी आहे: पुरेशा जोराची, काही क्षण टिकणारी, एका दिशेने येणारी. ती घटना आली की नाही, हे तो अंगावरच्या स्पर्शावरून ठरवतो, आणि तेवढ्याच क्षणांचा उपयोग करतो. आजचे शास्त्रज्ञ संगणकावर जे करतात ते तत्त्वतः यापेक्षा फारसे वेगळे नाही. त्यांनी फक्त अंगावरच्या स्पर्शाच्या जागी नियम ठेवला आहे, जो कोणालाही पुन्हा वापरून तपासता येईल.

शास्त्राची वाट मात्र उलट्या टोकाकडून, म्हणजे सरासरीकडून सुरू झाली. मँचेस्टरचे प्राध्यापक ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी १८८३ साली काचेच्या नळीतून वाहणाऱ्या पाण्यात रंगाची बारीक धार सोडली. पाणी सावकाश वाहत असताना धार सरळ रेषेसारखी राहिली. वेग एका मर्यादेपलीकडे गेला, तशी ती विस्कटून साऱ्या नळीत पसरली. १८९५ साली त्यांनी या विस्कटलेल्या प्रवाहाचा हिशेब मांडण्याची युक्ती सुचवली. प्रत्येक क्षणीच्या वेगाचे दोन भाग करायचे: एक सरासरी, आणि दुसरा त्या सरासरीपासूनची तफावत. वाऱ्याची सरासरी सेकंदाला ३ मीटर असेल आणि या क्षणी तो ४.४ मीटर असेल, तर तफावत अधिक १.४, पुढच्या क्षणी १.८ असेल, तर तफावत उणे १.२. युक्ती साधी, पण तिने पुढच्या शंभर वर्षांच्या अभ्यासाचा पाया घातला. तिच्याबरोबर एक सवयही रुजली. तफावत म्हणजे निव्वळ यदृच्छा, तिच्याकडे पाहायचे ते फक्त संख्याशास्त्राच्या चष्म्यातून, अशी ती सवय.

या सवयीला धक्का बसला तो साठ-सत्तरच्या दशकांत. अमेरिकेत स्टॅनफर्ड येथे क्लाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाहत्या पाण्यात हायड्रोजनचे अतिसूक्ष्म बुडबुडे सोडून प्रवाह 'दिसता' केला. १९६७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाने दाखवून दिले, की तळाजवळच्या पाण्यात संथ वेगाचे लांबट पट्टे तयार होतात, ते हळूहळू वर उचलले जातात, थरथरतात आणि एकदम फुटून वर उसळतात. हे चक्र पुन्हा पुन्हा घडते. १९७४ साली ब्राउन आणि रॉश्को यांनी दोन वायूंच्या सरमिसळीची छायाचित्रे प्रसिद्ध केली. ज्या ठिकाणी सगळा विस्कळीतपणा अपेक्षित होता, तेथे एकामागून एक ओळीने चाललेली मोठमोठी भोवऱ्याची वेटोळी स्पष्ट दिसत होती. गोंधळात संबळ वाजत होते तर! अशा आकारांना 'सुसंगत रचना' असे नाव पडले. सुसंगत म्हणजे ज्याचे भाग काही काळ एकमेकांना धरून राहतात, एकत्र चालतात, आणि एकाकडे पाहून दुसऱ्याचा अंदाज करता येतो, अशी रचना.

प्रयोगशाळेतल्या पाण्यात बुडबुडे सोडता येतात. मोकळ्या रानातल्या वाऱ्यात काय सोडणार? निसर्ग कधीकधी स्वतःच ते काम करतो. नवतप्यात अकोल्याचा किंवा अमरावतीचा पारा ४५ अंशांच्या आसपास घुटमळत असतो, तेव्हा दुपारी नांगरून पडलेल्या काळ्या शेतातून वावटळ उठते. धूळ, पालापाचोळा, कागदाचे कपटे घेऊन ती गरगरत जाते आणि काही मिनिटांत विरते. वावटळीत भूत असते, असे आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी ऐकले असेल. त्या समजुतीमागचे निरीक्षण मात्र अचूक आहे: ही हवा भोवतालच्या हवेपेक्षा वेगळी वागते, तिला स्वतःचा आकार आहे, चाल आहे, जन्म आणि शेवट आहे. काळी जमीन वरच्या हवेपेक्षा कितीतरी अधिक तापते; तिला टेकलेली हवा हलकी होऊन वर निसटू पाहते; तिची जागा घ्यायला बाजूची हवा आत धावते आणि धावताना फिरू लागते. वावटळ ही धुळीमुळे दिसणारी सुसंगत रचना होय. धूळ नसली, तरी अशा आणि इतर अनेक आकारांच्या रचना दुपारभर आपल्या डोक्यावरून जातच असतात. त्या दिसत नाहीत, इतकेच.

न दिसणाऱ्या रचना पकडण्यासाठी शास्त्रज्ञ शेतात मनोरा उभारतात आणि त्यावर ध्वनी-वायुवेगमापक बसवतात. त्यात फिरणाऱ्या वाट्या नसतात. वीतभर अंतरावर समोरासमोर ठेवलेल्या छोट्या उपकरणांच्या तीन जोड्या असतात, आणि त्या एकमेकींकडे मानवी कानाला न ऐकू येणारा ध्वनी पाठवतात. वाऱ्याबरोबर जाणारा ध्वनी लवकर पोहोचतो, वाऱ्याविरुद्ध जाणारा उशिरा. हा सारा प्रवास सेकंदाच्या दोन हजाराव्या भागाहूनही कमी वेळाचा, पण त्यातला फरक यंत्र मोजते. त्यावरून वाऱ्याचे तिन्ही दिशांचे वेग कळतात, आणि ध्वनीच्या वेगावरून हवेचे तापमानही काढता येते. असे मोजमाप सेकंदाला वीस वेळा केले, तर अर्ध्या तासात प्रत्येक राशीच्या ३६ हजार नोंदी जमा होतात. चार राशींच्या मिळून १ लाख ४४ हजार. कागदावर काढल्यास या नोंदी थरथरत्या हाताने ओढलेल्या रेघेसारख्या दिसतात. हाच 'संकेत', म्हणजे सिग्नल. यातून रचना शोधून काढायची आहे.

येथे एक अडचण येते. मनोरा एका जागी उभा आहे. त्याला फक्त वेळ कळतो, लांबी कळत नाही. यावर इंग्रज शास्त्रज्ञ जी. आय. टेलर यांनी १९३८ साली उपाय सुचवला. बडनेऱ्याच्या फलाटावर उभे राहून जाणारी मालगाडी पाहावी. आपल्यासमोर एका वेळी एकच डबा असतो. तरी गाडीचा वेग आणि ती जायला लागलेला वेळ ठाऊक असला, की गाडीची लांबी सांगता येते. डबे वाटेत आकार बदलत नाहीत, एवढे मात्र गृहीत धरावे लागते. तसेच, वाऱ्याचा वेग सेकंदाला ३ मीटर असताना एखादा आकार मनोऱ्यावरून जायला २० सेकंद लागले, तर तो सुमारे ६० मीटर लांबीचा, असे टेलर म्हणतात. वाऱ्याचे डबे वाटेत थोडे बदलतात, हे उघड आहे. पण थोड्या अंतरापुरते हे गृहीतक चालते, आणि त्यावाचून एकट्या मनोऱ्याला फारसे काही सांगताच येणार नाही.

आता प्रत्यक्ष शोधाच्या रीतींकडे वळू. त्या अनेक आहेत. मी तीन निवडतो.

पहिली रीत चार खान्यांची. क्षितिजाला समांतर वाऱ्यातली तफावत आणि खाली-वर जाणाऱ्या वाऱ्यातली तफावत यांची जोडी प्रत्येक क्षणी पाहायची. जमिनीजवळ वारा मंद असतो आणि उंचावर जोरदार, हे लक्षात ठेवावे. म्हणजे वर जाणारी हवा सहसा मंद असणार, कारण ती खालून आली. आणि खाली येणारी हवा सहसा जलद असणार, कारण ती वरून आली. पहिलीला आपण 'उसळी' म्हणू, दुसरीला 'झडप'. आधीचेच आकडे घेऊ. वारा उणे १.२ आणि त्याच क्षणी वर जाणारा वेग ०.५, गुणाकार उणे ०.६. ही उसळी. वारा अधिक १.४ आणि खाली येणारा वेग ०.५, म्हणजे उणे ०.५, गुणाकार उणे ०.७. ही झडप. दोन्ही गुणाकार उणे, कारण दोहोंचे कार्य एकच: वरच्या वाऱ्याचा जोर, म्हणजे संवेग, जमिनीकडे पोहोचवणे. उरलेल्या दोन खान्यांत गुणाकार अधिक येतो. ते क्षण या कामाच्या विरुद्ध जातात. १९७२ साली वॉलेस, एकेलमान आणि ब्रॉडकी यांनी ही रीत मांडली आणि पुढच्याच वर्षी लू आणि विल्मार्थ यांनी तिच्यात उंबरठ्याची भर घातली. गुणाकार ठरावीक मर्यादेच्या पुढे गेला, तरच त्याला घटना म्हणायचे; किरकोळ चुळबूळ सोडून द्यायची. उफणणी करणाराही प्रत्येक झुळकीला टोपले हलवीत नाही.

याच विचाराचा पुढचा टप्पा आपल्या देशातला. १९९० च्या पावसाळ्यात भारतात मॉन्टब्लेक्स नावाचा मोठा प्रयोग झाला. राजस्थानपासून बंगालच्या उपसागरापर्यंत पसरणारा मान्सूनचा जो कमी दाबाचा पट्टा असतो, त्याच्या परिसरातल्या जमिनीलगतच्या हवेचा अभ्यास हा त्याचा हेतू. जोधपूर, दिल्ली, वाराणसी आणि खरगपूर अशा चार ठिकाणी ३० मीटर उंचीचे मनोरे उभारण्यात आले. बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था, पुण्याची भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था, भारतीय हवामानशास्त्र विभाग अशा अनेक संस्थांचा त्यात सहभाग होता. त्यातल्या जोधपूरच्या मनोऱ्यावर ४ मीटर उंचीला घेतलेल्या नोंदींचे विश्लेषण रोद्दम नरसिंह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली प्रसिद्ध केले. संवेगाच्या वाहतुकीचा संकेत त्यांनी घटनांच्या मालिकेत रूपांतरित केला: प्रत्येक घटना केव्हा घडली, किती वेळ टिकली आणि किती तीव्र होती. उंबरठा म्हणून त्यांना सर्वांत योग्य वाटले ते त्या संकेताचे एक प्रमाण विचलन. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ही संज्ञा परिचित आहे.

निष्कर्ष विचार करायला लावणारे आहेत. घटनांचा सरासरी कालावधी, आणि दोन घटनांमधले सरासरी अंतर, दोन्ही साधारण एका सेकंदाच्या घरातली. एकूण वेळापैकी सुमारे ३६ टक्के वेळ वारा 'उत्पादक' असतो, म्हणजे संवेग खाली पोहोचवण्याचे काम करतो. १५ टक्के वेळ तो केलेले काम मोडतो. आणि उरलेला ४९ टक्के वेळ? तो चक्क रिकामा असतो! वारा वाहत असतो, झाडाची पाने हलत असतात, पण या हिशेबात नोंदण्याजोगे काहीच घडत नाही. सरासरीच्या सूत्राने पाहणाऱ्याला हे काम सतत, संथपणे चालले आहे असे वाटते. प्रत्यक्षात ते झटक्याझटक्याने होते.

दुसरी रीत समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. फ्रान्सचे गणितज्ञ फूरिए हे नेपोलियनबरोबर इजिप्तच्या मोहिमेवर गेलेले गृहस्थ. १८२२ साली उष्णतेवरच्या ग्रंथात त्यांनी दाखवले, की कितीही वेडीवाकडी रेघ असली, तरी ती वेगवेगळ्या लांबीच्या नियमित लहरींची बेरीज म्हणून मांडता येते. एखादी मैफल ऐकून कोणता स्वर एकूण किती वाजला याची यादी करावी, तसे हे. यादी उपयुक्त आहे. तिच्यावरून वाऱ्याची ऊर्जा मोठ्या भोवऱ्यांत किती आणि लहानांत किती हे कळते. पण त्या यादीवरून राग ओळखता येईल का? स्वर किती वाजला हे कळले. केव्हा वाजला, कशाच्या मागून वाजला, हे हरवले. सुसंगत रचना तर नेमकी त्या 'केव्हा'मध्ये असते.

तिसरी रीत ही उणीव भरून काढते. तिचे नाव वेव्हलेट. आपण 'तरंगिका' म्हणू. जमिनीत तेल शोधण्यासाठी हादरे देऊन त्यांचे प्रतिध्वनी तपासतात. त्या कामात असलेले फ्रेंच अभियंते मोर्ले यांना ऐंशीच्या दशकाच्या आरंभी ही कल्पना सुचली, आणि ग्रॉसमान या भौतिकशास्त्रज्ञाच्या साहाय्याने तिला १९८४ साली पक्के गणिती रूप मिळाले. फूरिएची लहर अनंत लांब. तरंगिका ही छोटीशी लाट, सुरू होऊन संपणारी. ती संकेतावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकवत न्यायची, आणि प्रत्येक जागी तिचा आकार तिथल्या रेघेशी किती जुळतो ते मोजायचे. मग तिला ताणून लांब करायचे आणि पुन्हा सरकवायचे. आखडून लहान करायचे आणि पुन्हा. म्हणजे 'किती मोठी' आणि 'केव्हा' या दोन्ही प्रश्नांची उत्तरे एकदम मिळतात. शिंप्याने एकच कापणी-नमुना लहानमोठा करून कापडावर फिरवावा आणि कुठे बरोबर बसतो ते पाहावे, तसेच काहीसे.

हिचा सर्वांत देखणा उपयोग तापमानाच्या संकेतात होतो. उन्हाळ्याच्या दुपारी कडुनिंबाखाली बसून कोणीही अनुभवू शकेल: हवा स्तब्ध असते, उकाडा क्षणाक्षणाने चढत जातो, जीव कासावीस होतो; आणि अचानक वरून एक झोत येतो व क्षणभर हायसे वाटते. पुन्हा उकाडा चढू लागतो. यंत्राच्या रेघेत हे करवतीच्या दात्यांसारखे दिसते: सावकाश चढण, एकदम उतार. जमिनीलगत तापलेली हवा साचत जाते, आणि वरून येणारी झडप ती झाडून नेते. फ्रान्समधील पाइन वृक्षांच्या वनावर घेतलेल्या नोंदींत असे दाते तरंगिकांच्या साहाय्याने कसे मोजावेत, हे कॉलिनो आणि ब्रुने यांनी १९९३ साली दाखवून दिले. कोणत्या लांबीची तरंगिका सर्वांत चांगली जुळते यावरून दात्यांचा कालावधी कळतो, आणि विशिष्ट आकाराची तरंगिका वापरली तर तिचे उत्तर ज्या ठिकाणी शून्य ओलांडते, तेथे झोत नेमका केव्हा आला हे सापडते.

चिकित्सक वाचक येथे हात वर करील. तो म्हणेल, "माणसाला ढगात हत्ती दिसतो, भिंतीच्या ओल्यात चेहरा दिसतो. तुम्ही दात्याच्या आकाराची तरंगिका घेऊन शोधायला निघालात, तर दाते सापडणारच. मग रचना वाऱ्यात आहे, की तुमच्या नमुन्यात?" माझ्या मते या साऱ्या विषयातला हाच सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे, आणि तो शास्त्रज्ञ स्वतःच स्वतःला विचारतात. त्यावरची एक कसोटी मोठी चतुर आहे. खऱ्या संकेतापासून एक खोटा संकेत तयार करायचा. त्यात कोणता स्वर किती हे अगदी तसेच ठेवायचे. 'केव्हा' तेवढे विस्कटून टाकायचे. मग खऱ्यावर आणि खोट्यावर तीच रीत चालवायची. दोन्हींत सारख्याच रचना सापडल्या, तर त्या रीतीच्या पदरच्या. खऱ्यात लक्षणीय अधिक सापडल्या, तर त्या वाऱ्याच्या. दुसरी कसोटी उंबरठा मागेपुढे करून पाहण्याची. उंबरठा जरासा हलवताच निष्कर्ष कोसळत असेल, तर त्या निष्कर्षावर भिस्त ठेवू नये. तिसरी कसोटी, एकाऐवजी अनेक उंचींवर एकाच वेळी पाहण्याची. खरी झडप वरच्या आणि खालच्या दोन्ही यंत्रांत उमटते. भास एकाच यंत्रात राहतो. इतिहासाच्या अभ्यासात एका बखरीवर विसंबू नका, दुसऱ्या साधनाशी ताडून पाहा, असे आपल्याला शिकवतात. ही शिस्त तीच आहे.

"ठीक आहे," कोणी म्हणेल, "पण या साऱ्याचे आम्हांला काय?" दोन उत्तरे देतो.

पहिले पावसाचे. हवामानाचा अंदाज वर्तवणारा संगणक देशावरची हवा चौकटींत वाटून घेतो. २०२५ साली पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने विकसित केलेली 'भारत फोरकास्ट सिस्टिम' कार्यान्वित झाली. तिची चौकट ६ किलोमीटरची आहे, आणि आधीच्या १२ किलोमीटरच्या मानाने ती पुष्कळच बारीक आहे. तरीही अशा एका चौकटीत अमरावती शहराचा गाभा मावेल. एका सेकंदाची उसळी किंवा ६० मीटरची झडप तिला कशी दिसणार? पण शेतातली ओल वर नेऊन ढगांना पुरवणारी, वाऱ्याचा जोर जमिनीशी झिजवणारी शक्ती तर याच घटनांत आहे. म्हणून त्यांचा एकत्रित परिणाम एखाद्या नियमाने संगणकाला सांगावा लागतो. तो नियम केवळ सरासरीवर बेतायचा, की झटक्याझटक्याने होणाऱ्या कामाची जाणीव ठेवून, हा प्रश्न कोरडवाहू शेतीच्या आपल्या प्रदेशाला परका नाही.

दुसरे उत्तर फवारणीचे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशके फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर मृत्युमुखी पडले. त्यामागे औषधांची निवड, संरक्षक साधनांचा अभाव, पुरुषभर वाढलेली पऱ्हाटी अशी अनेक कारणे चर्चेत आली. सारा दोष वाऱ्यावर ढकलण्याचा माझा मुळीच हेतू नाही. पण वाऱ्याचे शास्त्र येथे एक साधी गोष्ट सांगते. मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढ्या जाडीचा थेंब शांत हवेत सेकंदाला साधारण पाव मीटर वेगाने खाली येतो. सपाट शेतावर खाली-वर जाणाऱ्या वाऱ्याची दीर्घ सरासरी जवळजवळ शून्य असते. तेव्हा सरासरीच्या हिशेबाने थेंब मुकाट्याने खाली पडायला हवा. पण आपण वर पाहिलेली उसळी आठवा: वर जाणारा वेग सेकंदाला अर्धा मीटर. म्हणजे थेंबाच्या पडण्याच्या दुप्पट. त्या एक-दोन सेकंदांत थेंब खाली येत नाही. तो वर, फवारणाऱ्याच्या तोंडानाकाकडे जातो. थेंब याहून बारीक असेल, तर त्याला इतकी मोठी उसळीही लागत नाही. सरासरी वारा शून्य म्हणून धोका शून्य, असे मानणाऱ्याला हे कळणार नाही. नाकातोंडावर साधे फडके बांधून भागणार नाही, चांगला मुखवटा हवा. फार बारीक थेंब पाडणारा नोझल नको. कडक उन्हात उसळ्या जोरात असताना फवारू नये. हे सल्ले कृषी खात्याच्या पत्रकांतले रुक्ष नियम वाटतात. त्यांच्यामागे हा सेकंदाचा हिशेब उभा आहे.

मला या विषयाने ओढून घेतले ते एका कारणासाठी, आणि ते आपल्या कला शाखेच्या अभ्यासालाही लागू पडते. आपण सारे सरासरीच्या राज्यात राहतो. जिल्ह्याचा सरासरी पाऊस, हेक्टरी सरासरी उत्पादन, दरडोई सरासरी उत्पन्न. सरासरी खोटी नसते. पण तिच्या पोटात काय आहे हे ती सांगत नाही. पावसाळ्याची सरासरी पुरी झाली, असे हवामान खाते म्हणते. आणि पेरणी उलटलेला शेतकरी कपाळाला हात लावून बसलेला असतो, कारण जूनमध्ये वीस दिवस थेंब नव्हता आणि ऑगस्टमध्ये एका रात्रीत बांध फुटले. दोघेही खरे बोलत असतात. जोधपूरच्या त्या मनोऱ्याने वाऱ्याबद्दल जे दाखवले, ते फार निराळे नाही: थोड्या क्षणांत पुष्कळ घडते, काही क्षणांत घडलेले मोडते, आणि जवळजवळ निम्मा वेळ नुसता जातो.

सरासरी टाकून द्यावी, असे मला म्हणायचे नाही. रेनॉल्ड्सच्या सरासरीवाचून तफावत मोजताच आली नसती. म्हणणे इतकेच, की सरासरी काढून झाल्यावर उरलेले कचरा समजून फेकू नये. त्यात घटना असतात. त्या शोधायला नियम हवा, तो नियम तपासायला कसोटी हवी, आणि आपल्याला जे सापडले ते आपल्याच नमुन्याचे प्रतिबिंब तर नाही ना, हे विचारण्याचा प्रामाणिकपणा हवा. एवढी शिदोरी असली, की वाऱ्याचा गोंधळ ऐकता येतो, आणि माणसांचाही.